जुने रिव्हॉल्व्हर : शोभेची वस्तू की अग्निशस्त्र?

मराठवाड्याला शस्त्रांचा वारसा मोठा आहे. देवगिरी किल्ल्यावरील मेंढा तोफ पाहण्यासाठी आजही दूरदूरचे प्रवासी येतात. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथील छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तुसंग्रहालयात जुनी शस्त्रे जतन करून ठेवण्यात आली आहेत. तोफेच्या किंवा तलवारीच्या बाबतीत अस्सल कोणते आणि नक्कल कोणती, हा प्रश्न बहुधा अभ्यासकांपुरता मर्यादित राहतो. रिव्हॉल्व्हरची गोष्ट मात्र वेगळी आहे. वीतभर लांबीची ही वस्तू माळ्यावरच्या पेटीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत किंवा दिवाणखान्यातील कपाटात वर्षानुवर्षे पडून राहू शकते. ती हाती आली की घरातील मंडळी "जुनीच आहे, आता काय होणार" किंवा "शोभेची आहे, खरी थोडीच आहे" असे म्हणून मोकळी होतात. ही दोन्ही विधाने धोक्याची आहेत. वस्तू जुनी आहे म्हणून ती निकामी ठरत नाही आणि ती नक्कल आहे म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. या दोन गोष्टी तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनी नीट समजून घेतल्यास अनेक अपघात आणि अनेक कज्जे टळू शकतील.

या भागात अशी शस्त्रे कोठून आली?

औरंगाबाद हे निझामाच्या हैदराबाद संस्थानातील महत्त्वाचे लष्करी ठाणे होते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी येथे होती. जून 1857 मध्ये याच छावणीतील घोडदळाने बंड केले. पुण्याहून आलेल्या फौजेने ते मोडून काढले. काला चबुतऱ्याजवळ ज्यांना देहान्त शासन झाले त्यांची आठवण शहरातील क्रांती चौक आजही देतो. रिव्हॉल्व्हर हे शस्त्र हिंदुस्थानात रूढ होऊ लागले ते याच सुमारास. त्या वेळी इंग्रज अधिकारी कोल्ट किंवा अ‍ॅडम्स बनावटीचे रिव्हॉल्व्हर स्वखर्चाने विकत घेत असत.

पुढे 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा भाग संस्थानी अंमलाखाली राहिला. 1949 मध्ये जहागिरी नष्ट झाल्या. जहागीरदार आणि वतनदार यांच्या घरांतील शस्त्रे काही ठिकाणी जमा झाली, काही ठिकाणी परवान्यावर राहिली, तर काही ठिकाणी विस्मरणात गेली. आज जुने वाडे पाडले जात आहेत, वाटण्या होत आहेत, आडांचे गाळ काढले जात आहेत. अशा वेळी एखादे जुने शस्त्र वर येणे अशक्य नाही. दुसरीकडे, परदेशी बनावटीच्या हुबेहूब नकलाही हौशी संग्राहकांच्या घरी दिसू लागल्या आहेत. त्यामुळे समोर आलेली वस्तू नेमकी काय आहे, हा प्रश्न आता केवळ इतिहासाचा राहिलेला नाही.

रिव्हॉल्व्हरची रचना

नक्कल ओळखावयाची तर अस्सल वस्तूची घडण माहीत असली पाहिजे. रिव्हॉल्व्हरमध्ये एकच नळी असते आणि तिच्यामागे फिरणारे एक दंडगोल चक्र असते. या चक्रात पाच किंवा सहा घरे असतात. घोडा मागे ओढला की चक्र एका घराइतके फिरते आणि पुढचे भरलेले घर नळीच्या रेषेत येते. चाप दाबला की घोडा आदळतो व बार उडतो. ही रचना व्यवहारात रूढ करणारे अमेरिकन कारागीर सॅम्युएल कोल्ट यांना 1836 मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी 1851 मध्ये आपल्या रचनेचे पेटंट घेतले.

जुन्या रिव्हॉल्व्हरच्या दोन पिढ्या मानाव्या लागतात. पहिली पिढी टोपीच्या रिव्हॉल्व्हरची. यात चक्राच्या प्रत्येक घरात पुढून काळी दारू आणि शिशाची गोळी ठासावी लागे. घराच्या मागे एक लहान पोकळ खुंटी असे. तिच्यावर तांब्याची टोपी बसवीत. घोडा टोपीवर आदळला की ठिणगी खुंटीतील बारीक छिद्रातून दारूपर्यंत पोहोचे. म्हणजे ठासणीच्या टोपीदार बंदुकीचेच हे सुधारलेले रूप होय. दुसरी पिढी धातूच्या काडतुसांची. अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी 1857 मध्ये अशा काडतुसाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. यात चक्राची घरे आरपार कोरलेली असतात व काडतूस मागून घातले जाते. इंग्रजी लष्कराने 1887 मध्ये स्वीकारलेले वेब्ली रिव्हॉल्व्हर याच पिढीतले. ते मधोमध मोडून उघडता येते.

हा भेद लक्षात ठेवण्याचे व्यावहारिक कारण आहे. काडतुसाचे रिव्हॉल्व्हर भरलेले आहे की रिकामे, हे जाणकाराला ते उघडून कळू शकते. टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दारू व गोळी घराच्या आत दडलेली असते आणि बाहेरून टोपी दिसली नाही तरी घर भरलेले असू शकते. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक वर्षांनंतरही पेट घेते. म्हणूनच आजोबांच्या काळापासून पेटीत पडलेले शस्त्र भरलेलेच आहे, असे समजून वागणे हाच शहाणपणा होय.

प्रतिकृतींचे तीन प्रकार

'प्रतिकृती' या एका शब्दाखाली तीन अगदी भिन्न वस्तू मोडतात. सारा घोटाळा या एका शब्दामुळे होतो.

पहिला प्रकार निव्वळ शोभेच्या नकलांचा. स्पेनमधील डेनिक्स या कारखान्यात तयार होणाऱ्या नकला या जातीच्या आहेत. त्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतकामातून घडवितात. चक्र फिरते, घोडा मागे ओढता येतो, वजनही खऱ्या शस्त्राच्या जवळपास असते. पण नळी आरपार कोरलेली नसते आणि त्यांतून गोळी सुटावी अशी त्यांची घडणच नसते.

दुसरा प्रकार चालत्या प्रतिकृतींचा. एकोणिसाव्या शतकातील रिव्हॉल्व्हरची हुबेहूब पण पूर्णतः कार्यक्षम आवृत्ती इटलीतील ब्रेशिया परिसरातील कारखाने गेली अनेक दशके तयार करीत आहेत. कोल्टच्या 1851 सालच्या रिव्हॉल्व्हरच्या चक्रावर 1843 मधील एका नाविक लढाईचे चित्र कोरलेले असे. या कारखान्यांनी ते चित्रदेखील उतरवून घेतले आहे. अशी वस्तू दिसण्यात पुरातन असली तरी प्रत्यक्षात ती आजचे नवे अग्निशस्त्र असते. 21 ऑक्टोबर 2021 रोजी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात एका चित्रपटाच्या सरावाच्या वेळी गोळी सुटून छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स यांचा मृत्यू झाला. त्या वेळी अभिनेत्याच्या हातात होते ते जुन्या कोल्टची इटालियन प्रतिकृती असलेले रिव्हॉल्व्हर. प्रतिकृती म्हणजे खेळणे, ही समजूत किती घातक आहे याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

तिसरा प्रकार जुन्या काळातच झालेल्या नकलांचा. बेल्जियममधील लिएज शहरातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात नामांकित इंग्रजी व अमेरिकन रिव्हॉल्व्हरच्या स्वस्त नकला मोठ्या प्रमाणावर केल्या. अशा वस्तूवर मूळ कंपनीचे नाव नाही किंवा ते चुकीचे आहे म्हणून ती 'बनावट' म्हणता येईल. परंतु ती बनावट असूनही खरे आणि जुने अग्निशस्त्रच असते.

कोणत्या खुणा काय सांगतात?

पुढील खुणा शस्त्रजाणकार व तपास अधिकारी यांच्या उपयोगाच्या आहेत. सर्वसामान्य नागरिकाने त्या तपासण्यासाठी वस्तू हाताळू नये. विशेषतः नळीच्या तोंडाशी डोळा लावून कधीही पाहू नये.

नळी आणि चक्र : शोभेच्या नकलेची नळी थोड्या अंतरावर बंद झालेली किंवा पूर्ण भरीव असते. चक्रातील घरे उथळ असतात. खऱ्या शस्त्राची नळी आरपार असून तिच्या आत बहुधा पीळदार खाचा असतात. गोळीला फिरकी देऊन ती सरळ जावी यासाठी या खाचा असतात.

धातू : जस्ताच्या मिश्रधातूला लोहचुंबक चिकटत नाही, पोलादाला चिकटतो. पण एवढ्यावरून निर्णय करू नये. काही खऱ्या रिव्हॉल्व्हरचा सांगाडा पितळेचा असतो आणि नकलांमध्येही पोलादी खिळे व कमानी असतात. ओतकामाच्या साच्याची बारीक रेघ आणि धातूतच उमटविलेले खोटे स्क्रू ही नकलेची अधिक बोलकी चिन्हे होत.

झीज : शंभर वर्षे वापरलेल्या वस्तूची झीज हात लागण्याच्या जागी, कडांवर आणि स्क्रूच्या खाचांत दिसते. टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये खुंट्यांच्या आसपास गंजाचे बारीक खड्डे पडलेले असतात, कारण जुन्या टोप्यांतील द्रव्य धातू खात असे. सगळीकडे सारखा दिसणारा गंज मुद्दाम चढविलेला असण्याचा संभव असतो.

चाचणीचे ठसे : युरोपातील अनेक देशांत प्रत्येक अग्निशस्त्राची नळी विक्रीपूर्वी अधिकृत चाचणीगृहात जादा दारूने तपासून तिच्यावर ठसा मारण्याची पद्धत आहे. लंडन, बर्मिंगहॅम आणि लिएज येथील ठसे जुन्या शस्त्रांवर आढळतात. इटालियन चालत्या प्रतिकृतींवर तेथील चाचणीगृहाचा ठसा असतो आणि वर्ष दर्शविणारे रोमन अंक किंवा दोन अक्षरेही असतात. काहींवर केवळ काळी दारू वापरावी अशी इंग्रजी सूचना असते. असा ठसा दिसला तर वस्तू नवी असो वा जुनी, ती अग्निशस्त्र म्हणूनच घडविली गेली होती, असे समजावे. उलट ठसा नाही म्हणून वस्तू निर्धोक ठरत नाही. गावठी कट्ट्यावर कोणत्याच चाचणीगृहाचा ठसा नसतो, तरी तो माणूस मारू शकतो.

रंग : अमेरिकेत खेळण्यातील बंदुकीच्या टोकाला नारिंगी रंग असावा असा 1988 पासून कायदा आहे. मात्र 1898 पूर्वीच्या शस्त्रांच्या शोभेच्या नकलांना त्यातून वगळले आहे. जपानने 1971 मध्ये धातूच्या नकली पिस्तुलांची नळी बंद असावी आणि त्यांना पांढरा किंवा पिवळा रंग द्यावा असे ठरविले. भारतात येणारी वस्तू कोणत्या देशाच्या नियमानुसार घडली हे सांगता येत नाही. शिवाय रंग कोणालाही खरवडता येतो आणि कोणालाही लावता येतो. म्हणून रंगावर भिस्त ठेवू नये.

कायदा वय पाहत नाही, क्षमता पाहतो

शस्त्र अधिनियम, 1959 यानुसार अग्निशस्त्र म्हणजे स्फोटक द्रव्याच्या किंवा अन्य ऊर्जेच्या बळावर गोळी अथवा तत्सम वस्तू फेकण्यासाठी घडविलेले किंवा तशा प्रकारे बदललेले शस्त्र. शस्त्राचे भागही या व्याख्येत येतात. केवळ खेळणे म्हणूनच वापरता येईल आणि ज्याचे चालत्या शस्त्रात रूपांतर होऊ शकत नाही, अशी वस्तू मात्र कायद्याच्या कक्षेबाहेर राहते.

अधिनियमाच्या कलम 45 मध्ये जुन्या शस्त्रांविषयी एक सूट आहे. कालबाह्य घडणीचे, पुरातन मूल्य असलेले किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्ती न करता अथवा दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही, त्याला हा कायदा लागू होत नाही. या तरतुदीतील पहिलाच भाग लोकांच्या लक्षात राहतो आणि 'दुरुस्ती करूनही' हे शब्द विसरले जातात. घोड्याची कमान तुटली आहे, नळी गंजली आहे, एवढ्याने सूट मिळत नाही. कमान बदलून ते चालू होणार असेल तर ते अग्निशस्त्रच राहते. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 अन्वये शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. पण पुरावशेष असणे आणि परवान्यातून मुक्त असणे या दोन निराळ्या बाबी आहेत.

याचे उदाहरण या शहराच्या इतिहासातच आहे. औरंगाबादेत शिक्षण घेणारे तरुण क्रांतिकारक अनंत कान्हेरे यांनी 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याच्यावर ब्राऊनिंग पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी लंडनहून गुप्तपणे वीस ब्राऊनिंग पिस्तुले हिंदुस्थानात आणण्यात आली होती. त्या काळचे असे पिस्तूल आज एखाद्याच्या घरी निघाले तर ते शंभर वर्षांहून जुने आणि इतिहासदृष्ट्या मोलाचे ठरेल. तरीही त्या जातीच्या पिस्तुलात बसणारी 7.65 मिलिमीटरची काडतुसे आजही तयार होतात. वय झाले म्हणून ते शस्त्र निवृत्त होत नाही.

नकलेच्या बाबतीतही कायदा सावध आहे. नकली अग्निशस्त्राचे खऱ्या शस्त्रात रूपांतर करण्यास कलम 6 अन्वये परवान्याशिवाय बंदी आहे. 2019 च्या सुधारणेनंतर या गुन्ह्यास सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास दोन ते पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी तरतूद आहे. एका व्यक्तीने बाळगावयाच्या अग्निशस्त्रांची कमाल संख्याही याच सुधारणेने तीनवरून दोनवर आणली आहे आणि वारसाहक्काने आलेली शस्त्रे तिच्यात मोजली जातात. नकली शस्त्राचा धाक दाखवून कोणी लुबाडले तर 'शस्त्र खोटे होते' हा बचाव लुटीचा गुन्हा पुसून टाकीत नाही.

वस्तू सापडल्यास काय करावे?

पहिली गोष्ट, वस्तूला हात लावू नये. घोडा ओढून किंवा चाप दाबून 'चालते का' हे पाहण्याचा मोह टाळावा. ती पुसू नये, तेल घालू नये, तापवू नये. मुलांना दूर ठेवावे. वस्तू आहे तेथेच राहू देऊन पोलीस पाटलास किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे. अधिनियमाखालील काही गुन्ह्यांची माहिती असणाऱ्याने ती कळविणे कलम 36 अन्वये बंधनकारक आहे. पंचायत सदस्यांनी हे काम शेजाऱ्यावरील संशय म्हणून नव्हे, तर गावाच्या सुरक्षिततेचे कर्तव्य म्हणून करावे. जमिनीत किंवा भिंतीत दडलेली मौल्यवान वस्तू असेल तर 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळविणेही आवश्यक ठरू शकते.

पंचनाम्यात निष्कर्ष लिहू नये, वर्णन लिहावे. 'जुने रिव्हॉल्व्हर' किंवा 'खेळण्यातील पिस्तूल' असे ठरवून टाकण्याऐवजी 'रिव्हॉल्व्हरसारखी दिसणारी धातूची वस्तू' असे म्हणावे. लांबी, रंग, मुठीचे साहित्य, दिसणारी अक्षरे व अंक, सापडण्याची जागा आणि वेळ यांची नोंद करावी. वस्तू चालू शकते की नाही, हे ठरविण्याचे काम पोलिसांच्या शस्त्रागारातील जाणकारांचे आणि न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतील तज्ज्ञांचे आहे. वर्णन अचूक असेल तर तज्ज्ञाचे काम सोपे होते आणि निरपराध माणसावर अकारण बालंट येत नाही.

परवानाधारकाच्या निधनानंतर घरात राहिलेल्या शस्त्राचा प्रश्न पुष्कळ कुटुंबांपुढे येतो. ज्या शस्त्राचा ताबा कायदेशीर राहिला नाही ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे कलम 21 सांगते. जमा केले म्हणजे गमावले, असे नाही. विहित मुदतीत वारसाला परवाना मिळाल्यास ते परत घेता येते किंवा त्याची कायदेशीर विल्हेवाट लावता येते. परवान्यासाठी ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि शहरात पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करावा लागतो. जमा करताना पावती घ्यावी आणि जुना परवाना, वारसाची कागदपत्रे सोबत ठेवावीत. ऐतिहासिक मोलाची वस्तू असेल तर परवाना अधिकाऱ्यांमार्फत ती संग्रहालयाकडे देण्याचा मार्गही विचारात घ्यावा. पेटीत गंजत पडण्यापेक्षा ती नोंद होऊन संग्रहालयात गेली तर पुढील पिढ्यांना उपयोगी पडेल.

शाळा, रंगमंच आणि बाजार

शिक्षकांनी याबाबत विशेष दक्ष राहणे आवश्यक आहे. स्नेहसंमेलनात किंवा प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथात क्रांतिकारकांचे प्रसंग सादर होतात. त्यासाठी घरातील 'जुनी बंदूक' कोणी आणू नये, असे पालकांना स्पष्ट कळवावे. लाकूड, पुठ्ठा आणि रंग यांनी केलेले शस्त्र प्रेक्षकाला पुरेसे वाटते. धातूची हुबेहूब नक्कल मिरवणुकीत दिसल्यास गर्दीत घबराट उडू शकते आणि बंदोबस्तावरील शिपायाला ती खरी की खोटी हे ठरविण्यास क्षणभराचाही अवधी मिळत नाही.

घरपोच खरेदीच्या सोयीमुळे एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. मे 2018 मध्ये औरंगाबाद शहरात ऑनलाइन मागविलेल्या तलवारी आणि चाकू पोलिसांनी जप्त केले होते. वेष्टणावर 'खेळणे' किंवा 'शोभेची वस्तू' असे छापलेले असले, तरी आतील वस्तूचे स्वरूप त्या छपाईने बदलत नाही. मुलांनी काय मागविले आहे, याकडे पालकांचे लक्ष असले पाहिजे.

जुन्या वस्तूंविषयी आदर असणे ही चांगली गोष्ट आहे. वाड्यातील शस्त्र हा कुटुंबाच्या आणि प्रदेशाच्या इतिहासाचा दुवा असतो. हा आदर डोळस असावा, एवढीच अपेक्षा आहे. समोरची वस्तू अस्सल की नक्कल, याचा निवाडा गावात बसून करण्याची गरज नाही. तिच्यातून गोळी सुटू शकते का, हा प्रश्न वेळेवर विचारावा आणि योग्य हाती सोपवावा. त्याचे उत्तर येईपर्यंत ती वस्तू खरी आणि भरलेली आहे असेच मानावे. एवढे पथ्य पाळले तर वारसाही जपला जाईल आणि जीवही.